शेणी

मोडी वाचते मी, पोटापाण्यासाठी.
लोक वाटणीचे कागद आणतात,
विहीर कुणाची, बांध कुणाचा,
आजोबांच्या बायका नक्की किती.
पानाला शंभर रुपये घेते.

परवाच्या रुमालात एक यादी निघाली.
म्हैस, व्यालेली, एक.
हंडे तांब्याचे चार, पैकी एक पोचा आलेला.
बटीक गोजी, उमर बावीस, रुपये पासष्ट.
मग पुन्हा भांडी.

आणि पाठीमागे, दुसऱ्याच हाताचं घाईचं अक्षर:
गोजी व तिचें पोर व पलीकडील घरची कृष्णी
रात्रौ गेली.
भिंतीवर शेणी होत्या.

एवढंच.
लेखणी न उचलता, एका दमात ओढलेली ओळ.
भिंतीवर शेणी होत्या.
अहो, शेणी भिंतीवरच असतात.
हे कोण लिहून ठेवील?
ज्याला काहीतरी फार उशिरा कळलं, तोच.

इथून पुढचं कागदात नाही. माझं आहे.

परड्याची भिंत गंगावेशीच्या अंगाला.
नदीवर धुणं घेऊन जाणारी प्रत्येक बाई
तिच्यापुढूनच जायची.
गोजी शेणात पिंजर कालवायची, गोळा करायची,
फाटकन भिंतीवर मारायची,
वर पाच बोटं उमटायची.
शेण थापणाऱ्या बाईकडे बघतं कोण?
धनीण नाकाला पदर लावून लांबूनच मोजायची.
मोजायची फक्त.

अंगठा उमटला नाही, तर आज नको.
एकीत एक घुसलेल्या दोन, तर वेशीवर दोघं आहेत, जागे.
बोटं नदीकडे वळलेली, तर वाट मोकळी.
कृष्णी डोक्यावर धुण्याचं बोचकं घेऊन यायची,
पायातला काटा काढायला भिंतीशी थांबायची
आणि काटा सापडला की निघायची.

एके दिवशी खालच्या रांगेत
करंगळीएवढ्या बोटांचा एक पंजा दिसला.
ही खूण ठरलेली नव्हती.
पोरानं आईचं बघून थापली होती, वाकडी,
अर्धी तर गळून पडलेली.
कृष्णी त्या दिवशी काट्यासाठी जरा जास्तच थांबली.
मग काहिलीत तिसऱ्याची जागा झाली.

(काहील गुऱ्हाळातली. गूळ आटवायची,
तिच्यातच बसून पंचगंगा ओलांडायची.
ती कुणी दिली, ते मला ठरवता येत नाही.
माणूस रोज बदलते.
काल एक म्हातारा होता, चुलवाणावरचा,
भुवया जळालेला. तो बरा वाटला.)

वाळलेल्या शेणी धन्याच्याच घरात जळायच्या.
"आज नको"वर त्यांचं आंघोळीचं पाणी तापलं.
"वेशीवर दोघं"वर भाकरी फुगली.
"वाट मोकळी" तेवढी वाळायची राहिली.
सकाळी चूल पेटवायला कुणी नव्हतं,
आणि यादी करणारा तो कारकून
ओल्या भिंतीपुढे उभा होता,
सगळी बोटं एकाच दिशेला.

त्यानं ओळ लिहिली. अर्थ लिहिला नाही.
कळला नसेल, किंवा
कळला म्हणूनच.

कागद ज्यांचे होते ते संध्याकाळी आले.
जमिनीचं काही निघालं का, म्हणाले.
नाही म्हटलं.
त्यांनी एका पानाचे पैसे दिले.
पाठची बाजू धरली नाही.

होळीला आमच्या पेठेतली पोरं
स्मशानासाठी शेणी गोळा करत फिरतात.
यंदा मी अकरा आणल्या, बावड्याहून,
एका गोठ्यावरच्या बाईकडून.
पोत्यात टाकताना एकेक उलटून बघितली.
दहा दिल्या.
एकीवर अंगठा नव्हता.
ती फळीवर ठेवलीय, रुमालांच्या शेजारी.
आज नको.